कोरडा दिवस

२०१९ च्या सप्टेंबरात एका रात्री साडेअकराच्या सुमारास मी मागच्या अंगणातला दोनशे लिटरचा निळा ड्रम आडवा केला. जालन्याच्या माणसाला हे वाचूनच खटकेल. भरलेला ड्रम आमच्याकडे कोणी ओतून देत नाही. भाज्या धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं झाडाला, अशा हिशेबात आमची आयुष्यं गेली. त्या रात्री मी अंगणातला दिवा लावला नाही. घरात आवाज जाऊ नये म्हणून खाली पोतं टाकलं आणि मोबाइलच्या उजेडात ड्रम हळूहळू कलता केला. पाणी मोरीकडे वाहून गेलं. तळाला चार बोटं पाणी उरलं, त्यात अळ्या वळवळत होत्या. तेही लिंबाच्या बुंध्याशी मातीत ओतलं, ड्रम पालथा घातला, हातपाय धुतले आणि आत येऊन पडलो.

त्या दिवशी दुपारी आमच्या शेजारची नववीतली मुलगी डेंग्यूने दवाखान्यात भरती झाली होती. दुसऱ्या दिवशी गल्लीत तपासणीचं पथक येणार, हे मला संध्याकाळीच कळलं होतं. मी एकतीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवलं आहे. त्या अळ्या कशाच्या, हे ओळखायला मला भिंग लागत नव्हतं.

सकाळी पथक आलं. फवारणीची दोन माणसं, एक आरोग्यसेवक आणि आमच्या भागातली आशाताई. ती माझी जुनी विद्यार्थिनी. फाटकाशीच थांबून म्हणाली, "सर, तुमच्याकडं काय बघायचं? हे सगळं तुम्हीच तर शिकवलं आम्हाला." मी म्हणालो, "नाही, इथं काही नाही." तिने फाटकाशेजारच्या भिंतीवर खडूने तारीख लिहिली आणि ती पुढच्या घराकडे वळली. ती तारीख दिवाळीपर्यंत तिथं होती. येताजाता दिसायची. मी ती पुसली नाही, रंगही दिला नाही.

गोष्ट इथंच संपली असती, तर भित्रेपणा म्हणून मी ती कदाचित पोटात घातली असती. पण गल्लीच्या टोकाला एका घराचं बांधकाम चालू होतं आणि राखणीला एक कुटुंब पत्र्याच्या खोपटात राहत होतं. नवरा, बायको, दोन लहान पोरं. मंठ्याकडची माणसं. आदल्या वर्षीच्या दुष्काळात गाव सोडून शहरात आलेली. खोपटासमोर बांधकामाच्या पाण्याचं एक लोखंडी पिंप होतं. पथक गेल्यावर गल्लीतले पाच-सहा जण आमच्या फाटकाशी जमले. कोणी म्हणालं, तिकडचीच सगळी घाण. कोणी नालीकडे बोट दाखवलं. मग एकजण माझ्याकडे वळला, "सर, तुम्ही सांगा. तिकडूनच आला असंल ना डास?"

डेंग्यूचा डास नालीत वाढत नाही, हे मला ठाऊक होतं. त्याला स्वच्छ, साचलेलं, सावलीतलं पाणी लागतं. नीटनेटक्या घराच्या मागच्या अंगणात असतं तसं. मी म्हणालो, "शक्यता नाकारता येत नाही."

ठेकेदाराला फोन गेला. तिसऱ्या दिवशी खोपट रिकामं होतं. पिंप तिथंच आडवं पडलेलं होतं.

माझे ते चार शब्द शास्त्राच्या दृष्टीने खोटे नव्हते, आणि हेच मला सगळ्यात जास्त सलतं. त्या पिंपातही अळ्या असू शकल्या असत्या. मी खोटं न बोलता खोटेपणा केला. शास्त्रातली काटेकोर भाषा सत्याच्या जवळ जाण्यासाठी असते. मी ती आडोशाला वापरली.

आमच्या शहराविषयी जुनी म्हण आहे, जालना सोने का पालना. व्यापाराचं गाव, म्हणून. आज इथल्या भट्ट्यांतून लोखंडी सळ्या देशभर जातात, इथलं बियाणं शेतोशेती पेरलं जातं, भोवतालच्या तालुक्यांत मोसंबीच्या बागा आहेत. पाणी मात्र या भरभराटीला कधी पुरलं नाही. कुंडलिकेच्या एका काठाला जुना जालना, दुसऱ्या काठाला नवा; आणि दोन्हीकडच्या घरांत नळापेक्षा साठवणीवर भरवसा जास्त. निझामाच्या काळातला घाणेवाडीचा तलाव कितीतरी वर्षं शहराची तहान भागवत आला. २०१२-१३ च्या दुष्काळात आमच्याकडे पंधरा-पंधरा, वीस-वीस दिवस नळाला थेंब येत नव्हता. पुढे जायकवाडीचं पाणी पैठणहून जलवाहिनीने आलं, तरी रोजचा नळ आमच्या भागाने पाहिला नाही. २०१८ च्या ऑक्टोबरात सरकारने पुन्हा दुष्काळ जाहीर केला, त्यात आमचा जिल्हाही होता. मग प्रत्येक घरात एक ड्रम वाढला. जमिनीखाली हौद, गच्चीवर टाकी, मोरीत पिंप, स्वयंपाकघरात कळश्या आणि दाराशी रांजण. पाऊस कमी झाला म्हणजे डास कमी होतील, असं बाहेरच्या माणसाला वाटतं. आमच्याकडे उलट होतं. पाऊस डबक्यात पडतो आणि वाळून जातो. दुष्काळाचं पाणी घरात येऊन बसतं. १९७३ साली बार्शीला चिकुनगुनियाची मोठी साथ आली होती. चिकुनगुनियाही याच डासाचा. बहात्तरचा दुष्काळ तेव्हा ताजा होता. मी वर्गात या दोन गोष्टी शेजारी ठेवायचो आणि मुलांना विचार करायला सांगायचो.

आठवड्यातून एक दिवस कोरडा दिवस पाळा, असं आरोग्य खातं सांगतं. साठवलेलं पाणी रिकामं करायचं, भांडी घासायची, उन्हात वाळवायची. आठवडाच का, तर अंड्यापासून उडणाऱ्या डासापर्यंत उबदार हवेत आठ-दहा दिवस लागतात. त्याच्या आत साखळी तोडायची. पण जिथं नळच आठ-दहा दिवसांनी येतो, तिथं आठव्या दिवशी ड्रम ओतायचा कसा? ही अडचण खरी आहे आणि ती सोडवणं हे घरोघरीच्या बायकांचं काम नव्हे, पालिकेचं आणि सरकारचं आहे. मला हे ठामपणे म्हणायचं आहे. मात्र माझ्या ड्रमची गोष्ट ही त्या अडचणीची गोष्ट नाही. माझ्या ड्रमचं झाकण एप्रिलमध्ये उन्हाने तडकलं होतं. त्यावर मी एक फळी टाकली होती. दोन्हीकडून फट. बाजारात झाकण मिळत होतं, घरात जुनं धोतर होतं, दोरी होती. "आणतो उद्या" असं मी पाच महिने म्हणत राहिलो. त्याच वर्षी २० ऑगस्टला एका शाळेत मला डास दिनाच्या भाषणाला बोलावलं होतं. १८९७ साली याच तारखेला रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादेत डासाच्या पोटात हिवतापाचा परजीवी दिसला, ही गोष्ट मी दरवर्षी रंगवून सांगतो. सिकंदराबाद म्हणजे आपल्याच जुन्या हैदराबाद संस्थानातली छावणी, असं म्हटलं की मुलं सावरून बसतात. त्या दिवशी मुलांना मी शेवटी म्हणालो होतो, घरी जाऊन पहिलं काम काय करायचं? ड्रममध्ये डोकावायचं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मी घरी आलो, चहा घेतला आणि पडलो.

एडिस इजिप्ती. काळं अंग, पायांवर पांढरे पट्टे. मादी अंडी सुटी सुटी घालते, तीही पाण्यात नाही. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ड्रमच्या ओलसर भिंतीवर. पाणी उतरलं तरी अंडी तिथंच चिकटलेली राहतात, वाळतात, आणि कित्येक महिने, कधी वर्षभरही, जिवंत राहतात. पुन्हा पाणी चढलं की फुटतात. म्हणजे त्या रात्री मी ड्रम ओतला तेव्हा पुरावा गेला, धोका गेला नाही. नारळाच्या शेंडीने भिंत खसखसून घासली असती तर तोही गेला असता. मी घासलं नाही, कारण मला आवाज नको होता.

ही मादी दिवसा चावते. सकाळी ऊन चढताना आणि दिवस कलताना तिचा जोर जास्त. जरा हात हलला की उडते आणि दुसऱ्याकडे जाते, त्यामुळे एका पोटभर रक्तासाठी ती तीन-चार जणांना चावू शकते. तिच्यात विषाणू बहुधा जन्मजात नसतो. तो ती आजारी माणसाच्या रक्तातून उचलते. मग आठ ते बारा दिवसांत तो तिच्या पोटातून लाळग्रंथींपर्यंत पोचतो आणि पुढे ती जगेल तितके दिवस, म्हणजे दोन-चार आठवडे, प्रत्येक चाव्यात तो वाटत राहते. ताप येण्याच्या दिवसभर आधीपासून पाचेक दिवस माणसाच्या रक्तात विषाणू भरपूर असतो. म्हणून डेंग्यूच्या रुग्णाला दिवसासुद्धा मच्छरदाणीत ठेवायचं असतं, त्याच्यासाठी नव्हे, इतरांसाठी. आणि लागण झालेल्या चारांपैकी तिघांना तर काही झालं होतं हेच कळत नाही. त्यांच्याकडूनही डास विषाणू उचलू शकतो. त्या महिन्यात मी धडधाकट होतो. तेवढ्यावरून मी या साखळीत नव्हतो, असं म्हणायची सोय उरत नाही.

हा डास फार लांब उडत नाही. बहुतेकदा शंभर मीटरच्या आत, फार तर तीन-चारशे. आमची गल्ली तेवढीच आहे. शेजारच्यांची ओसरी आणि माझा ड्रम यांच्यात एक कमरेइतकी भिंत होती. खोपट गल्लीच्या दुसऱ्या टोकाला होतं.

आता त्या मुलीविषयी. चार दिवस तिला एकशे तीन, एकशे चार ताप होता. डोळ्यांच्या मागे ठणका, सांधे मोडून आल्यासारखे. हाडमोड्या ताप हे नाव जुन्या लोकांनी उगाच दिलेलं नाही. तिसऱ्या दिवशी रक्ताची तपासणी झाली आणि डेंग्यू निघाला. पाचव्या दिवशी सकाळी ताप उतरला. तिच्या आईने देवापुढे साखर ठेवली, आमच्याकडेही वाटी आली. मी ती साखर खाल्ली. डेंग्यूत ताप उतरण्याची वेळ हीच घाताची असते, हे मला माहीत होतं. चोवीस ते अठ्ठेचाळीस तास डोळ्यांत तेल घालून बघायचं असतं. पोट दुखतं का, उलट्या थांबत नाहीत का, हातपाय गार पडतात का, पोर सुस्त होते का. मी भिंतीपलीकडे जाऊन एवढं सांगितलं असतं तर दोन मिनिटं लागली असती. पण डेंग्यूचा विषय काढला की डासाचा निघणार, डासाचा निघाला की पाण्याचा. मी गेलो नाही. दुपारी पोर उलट्या करून पांढरीफटक पडली, तेव्हा वडिलांनी तिला मोटरसायकलवर मध्ये बसवून दवाखान्यात नेलं.

सहा दिवस ती तिथं होती. रोज संध्याकाळी तिचे वडील आमच्या ओसरीवर येऊन बसायचे. "सर, आज पेशी अठ्ठावीस हजार." "सर, आज बावीसच." आमच्याकडे प्लेटलेट कोणी म्हणत नाही, पेशी म्हणतात, आणि डेंग्यू झाला की सगळं घर त्या एका आकड्यावर जगतं. मी त्यांना समजावून सांगायचो की एकट्या पेशींवर डोळा ठेवू नका. खरा घात केशवाहिन्यांतून रक्तातलं पाणी बाहेर झिरपण्यात असतो. रक्त घट्ट होतं, नाडी खचते. म्हणून सलाइन मोजूनमापून द्यावं लागतं, कमी झालं तरी वाईट आणि जास्त झालं तरी वाईट. वेळेवर नीट उपचार मिळाले तर शंभरातला एकही रुग्ण सहसा दगावत नाही, हेही सांगितलं. ते माझ्याकडे असं बघायचे की जणू मीच तिला बरं करतोय. कोणीतरी पपईच्या पानांचा रस सांगितला म्हणून मी त्यांना स्कूटरवर घेऊन पानं शोधत हिंडलो. रसाने फार फरक पडणार नाही हे जाणून हिंडलो, कारण घरी बसवत नव्हतं. परत येताना ते म्हणाले, "सर, तुम्ही होता म्हणून धीर आहे." मी गाडी चालवत होतो. मागे वळून त्यांच्याकडे बघावं लागलं नाही, याचं मला त्या क्षणी बरं वाटलं होतं. ते बरं वाटणं अजून आठवतं.

भरतीच्या दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं की मुलीला डेंग्यू आधीही कधीतरी होऊन गेला आहे. रक्तात जुन्या प्रतिपिंडांच्या खुणा होत्या. ते ऐकून मला घाम फुटला. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात गल्लीत तीन-चार दिवसांचा ताप येऊन गेला होता. तिलाही आला होता. सगळ्यांनी व्हायरल म्हणून सोडून दिला. दोन वर्षांपूर्वीही माझा ड्रम त्याच जागी होता.

इथं शरीराच्या प्रतिकाराविषयी थोडं सांगायला हवं. गोवर एकदा झाला की शरीर तो जन्मभर लक्षात ठेवतं. देवीचंही तसंच होतं, म्हणून लशीने तो रोग जगातून गेला. डेंग्यूचे चार प्रकार आहेत. एका प्रकाराची लागण झाली की त्या प्रकाराविरुद्ध कायमचं संरक्षण मिळतं. उरलेल्या तिघांविरुद्ध मात्र काही महिनेच. पुढे दुसरा प्रकार आला की जुने प्रतिपिंड त्याला ओळखतात, चिकटतात, पण पुरतं निकामी करू शकत नाहीत. आणि प्रतिपिंड चिकटलेली वस्तू गिळून टाकायची, ही आपल्या भक्षक पेशींची सवय. त्या विषाणूला आत घेतात आणि आतून तो वाढतो. पहिल्या लढाईत मिळालेलं शस्त्रच दुसऱ्या लढाईत शत्रूला दार उघडून देतं. क्युबात १९७७ मध्ये एका प्रकाराची साथ आली, सौम्य होती. १९८१ मध्ये दुसऱ्या प्रकाराची आली, तेव्हा साडेतीन लाखांच्या आसपास लोक आजारी पडले आणि १५८ दगावले; गंभीर झालेल्यांत पहिल्या साथीतून गेलेले फार होते. डेंग्यूची लस करणं इतकं अवघड का झालं, ते यावरून कळेल. ती चारही प्रकारांना सारखीच पुरी पडावी लागते. आपल्या देशात तयार झालेल्या लशीची मोठी चाचणी २०२४ च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली.

हे सगळं मी फळ्यावर काढून दाखवत असे. त्यातली एक गोष्ट मला अलीकडे झोपू देत नाही. एखाद्या पेशीत विषाणू शिरला की ती इंटरफेरॉन नावाचं द्रव्य सोडते. त्याने ती स्वतः वाचतेच असं नाही, पुष्कळदा मरते. पण ते द्रव्य शेजारच्या पेशींना जाऊन भिडतं आणि त्या सावध होतात, विषाणू येण्याआधी आपली दारं आवळून घेतात. प्रतिपिंड तयार व्हायला चार-सहा दिवस लागतात. तोवर शरीर टिकून राहतं ते मुख्यतः या शेजारधर्मावर. एकतीस वर्षांत किती तुकड्यांना हे शिकवलं असेन! आणि माझ्या अंगणात अळ्या आहेत हे कळल्यावर मी पहिलं काम केलं ते दिवा न लावण्याचं.

माझ्या आजोबांना नारू झाला होता. अंबड तालुक्यातलं आमचं गाव, पाणी बारवेचं. नारूचा किडा पायाच्या कातडीतून बाहेर पडू लागला की आगडोंब होतो. काडीला गुंडाळून तो रोज बोटभर ओढायचा, मध्येच तुटला तर पाय सडायचा. आजी सांगायची, आगीने जीव जाईल असं झालं की आजोबा बारवेच्या पायऱ्यांवर बसायचे आणि पाय पाण्यात सोडायचे. पाय गार व्हायचा. त्याच क्षणी किडा हजारो पिल्लं पाण्यात सोडत असतो. ती पाण्यातल्या सूक्ष्म पिसूच्या पोटात जातात आणि तेच पाणी गाव पितं. आजोबांनी गावाला किती नारू दिले असतील, देव जाणे. त्यांना ठाऊक नव्हतं. या रोगावर लस नाही, औषध नाही. एकदा होऊन गेला तरी शरीर त्याच्याविरुद्ध काही शिकत नाही, पुढच्या वर्षी पुन्हा होतो. तरीही १९९६ नंतर भारतात नारूचा एकही नवा रुग्ण आढळला नाही आणि २००० साली देश नारूमुक्त ठरला. पायऱ्यांच्या विहिरी बंद करून, हातपंप बसवून आणि घागरीच्या तोंडाला दुपदरी फडकं बांधून पाणी गाळून हे झालं. आजीने नारू गेल्यावरही फडकं सोडलं नाही. आमच्या घरातलं जुनं धोतर, ज्याने मला ड्रम झाकता आला असता, ते तिच्याच ट्रंकेतलं होतं.

आजोबांच्या आणि माझ्या मध्ये दोन पिढ्यांचं शिक्षण आहे. अपराध मात्र माझा मोठा आहे.

मी का लपवलं, हे पुष्कळदा विचारून पाहिलं. दंडाची भीती नव्हती. पथक फार तर औषध टाकून समज देऊन गेलं असतं. भीती होती ती 'सर' या शब्दाची. तो गल्लीत मिळालेला मान एका ड्रमपायी जाईल, ही. आणि फाटकाशी उभं असताना त्या चार शब्दांनी दोष टेकायला एक जागा तयारच मिळाली. खोपटातली माणसं घाणेरडी असणार, हे मी ठरवून म्हटलं नाही. मनात ते आधीपासूनच असलं पाहिजे, नाहीतर इतक्या सहज जिभेवर आलं नसतं. वर्गात मी समतेवर बोलत आलो. त्या बोलण्याखाली हे होतं.

आणखी एक प्रश्न आहे. मुलगी दगावली असती तर मी सांगितलं असतं का? मला वाटतं, नसतं सांगितलं. मी तिच्या तेराव्याला गेलो असतो आणि डासांविषयी जनजागृतीची गरज आहे, असं बोललो असतो.

ती बरी झाली. पुढचे दोन-तीन महिने तिचे केस मूठमूठ गळत होते, मग तेही थांबलं. आता कॉलेजात आहे. गेल्या वर्षी दिवाळीत मी तिच्या वडिलांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. ड्रम, रात्र, फळी, खोपट. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "सर, आमच्या गच्चीवरच्या टाकीला तरी कुठं झाकण होतं?" त्यांनी मला मोकळं करण्यासाठी म्हटलं. मी ते घेतलं नाही. कोणता डास कोणाच्या पाण्यातला, हे जगातली कोणतीही प्रयोगशाळा आता सांगू शकणार नाही, आणि साथीच्या रोगात गुन्हेगार नेहमी याच्याच आड उभा राहतो. मी पाच वर्षं तिथं उभा होतो. न्यायालय मला सोडून देईल. मला न्यायालयाचं काही विचारायचं नाही.

खोपटातल्या कुटुंबाला मात्र काही सांगता आलं नाही. ठेकेदाराकडे नाव विचारलं, त्याच्याकडेही नव्हतं. आठ महिने ती माणसं आमच्या गल्लीत होती, त्यांची पोरं आमच्या फाटकावर झोके घ्यायची, आणि मी कधी नाव विचारलं नव्हतं. मंठ्याच्या आठवडी बाजारात दोनदा जाऊन आलो. चेहरा आठवतो असं वाटत होतं. तिथं गेल्यावर तोही आठवेना. ते हे वाचतील असं नाही. त्यांना ओळखणारं कोणी वाचत असेल तर एवढं सांगावं.

मुलगी भरती झाल्यावर तुमच्या पिंपात कोणी डोकावून पाहिलं नव्हतं. पथकानेही नाही, मीही नाही. अळ्या मी पाहिल्या होत्या त्या माझ्या ड्रममध्ये.